पाण्यानं धरून ठेवलेलं तांबं

रामनगरात मला सगळे पाणीखात्यातले अण्णा म्हणतात. नळाला गढूळ पाणी आलं की तक्रार माझ्याकडे येते आणि मी ती निमूटपणे ऐकून घेतो. खरं तर मी पाणीखात्यात एक दिवसही नव्हतो. किनाऱ्यावरच्या एका समुद्रविज्ञान प्रयोगशाळेत मी तांत्रिक सहायक होतो. समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात विरघळलेले धातू मोजणं, हे माझं निवृत्तीपर्यंतचं काम. तांबं, जस्त, लोखंड, मँगनीज, शिसं. तेही डोळ्यांना दिसेल एवढं नव्हे. मोठ्या तलावात कुणी चिमूटभर मोरचूद टाकून जावं आणि आपण काठावरून बाटलीभर पाणी घेऊन ते ओळखावं, अशा मापाचं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी समुद्र पाहिला नव्हता. आजोबा खानापूरकडून रामनगरला आले, वडिलांनी किराणा दुकान आणि भातशेती दोन्ही सांभाळली, मी बेळगावात रसायनशास्त्र शिकलो आणि घाट उतरलो. निघताना आईनं बोटात तांब्याची अंगठी घातली. मला पाण्यापासून भय आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

त्या अंगठीनं माझी नोकरी पहिल्याच वर्षी घालवली असती. काळी नदी आमच्या जोयडा तालुक्यातून निघून कारवारजवळ समुद्राला मिळते, म्हणून समुद्रातला धातू कुठून किती येतो हे पाहायला वरच्या पाण्याचे नमुनेही लागायचे. मी जोयड्याचा, वाटा ओळखीच्या, तेव्हा सुपा धरणाचं पाणी आणायला मला पाठवलं. बाटल्या आठवडाभर आम्लात भिजवून, शुद्ध पाण्यानं विसळून, दुहेरी पिशव्यांत बांधून दिल्या होत्या. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे आपल्या अंगावरून गेलेलं पाणी बाटलीत येत नाही, हेही शिकवलं होतं. ते सगळं मी नेमानं केलं. फक्त हातमोजा फाटला म्हणून काढून टाकला आणि अंगठीसकट हात पाण्यात घातला.

मी बाटल्या भरत होतो तेव्हा काठावर एक म्हातारा म्हशी घेऊन उभा होता. बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "काय काढालाय ओ पाण्यातनं?"

"तांबं बघतोय, आजोबा. पाण्यात किती आहे ते."

"लई हाय की," तो म्हणाला. त्यानं काठी उचलून जलाशयाच्या मधोमध दाखवली. "आमचं दोन हंडं, एक घंगाळ, समदं थितंच खाली ऱ्हायलंय. गावलं तर सांगा."

मी हसलो. तो हसला नाही. त्याचं गाव त्या पाण्याखाली होतं, हे माझ्या लक्षात आलं ते परतीच्या बसमध्ये.

प्रयोगशाळेत त्या नमुन्यांत इतकं तांबं निघालं की जोयड्याच्या डोंगरात तांब्याची खाण असणार, अशी दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठांची नजर माझ्या बोटाकडे गेली. "हे काय?" एवढंच त्यांनी विचारलं. अंगठी काढून पुन्हा सुप्याला गेलो, पुन्हा नमुने आणले, आणि खाण नाहीशी झाली. त्यानंतर मी इतका काटेकोर झालो की माझ्या आकड्यावर कुणी दुसरा हात फिरवत नसे. या गोष्टीचा मला पुढे फार अभिमान वाटू लागला. तो अभिमान किती महागात पडला, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

त्याआधी थोडं कामाचं बोलतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पाण्यात विरघळलेलं तांबं एकटं असं फारसं राहत नाही. आमच्या डोंगरात पानं गळतात, साली आणि मुळं कुजतात, आणि त्यांतून एक तपकिरी अर्क पाण्यात उतरतो. भिजलेल्या पाल्यात साचलेलं पाणी फिकट चहासारखं दिसतं, तेच ते. समुद्रातलं शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव आपापल्या परीनं त्यात आणखी भर घालतात. या सगळ्याला आम्ही सेंद्रिय द्रव्य म्हणतो. त्याच्या रेणूंना धातू पकडायच्या जागा असतात. तांब्याचा कण तिथे अडकला की घट्ट बसतो. लोखंडाचंही तसंच. किंबहुना जंगलातलं लोखंड समुद्रापर्यंत बरंचसं याच पकडीच्या आधारानं पोचतं, नाहीतर ते खाऱ्या पाण्याला भेटताच तळाशी बसलं असतं.

आता गंमत अशी की तांबं तेच, पण पकडीतलं तांबं जिवांना सहसा बाधत नाही आणि सुटं तांबं बाधतं. शिंपल्यांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तर सुट्या तांब्याचा लवलेशही सोसत नाही. म्हणजे पाण्यात तांबं किती, हा प्रश्न अर्धाच आहे. त्यातलं धरलेलं किती आणि सुटं किती, हा उरलेला अर्धा.

आमची नेहमीची पद्धत पहिल्या अर्ध्यापुरती होती. नमुना आला की त्यात आम्ल टाकायचं. आम्लानं पकड सुटते, धरलेलं आणि सुटं एक होतं, आणि यंत्र एकूण आकडा देतं. म्हणजे ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे तेच आम्ही मोजायच्या आधी मोडून टाकत होतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मला ते ठाऊक होतं, हीच पुढच्या हकिगतीतली सगळ्यांत वाईट गोष्ट आहे.

खाडीच्या मुखाजवळ एका संस्थेनं तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या खाण्याच्या शिंपल्यांचं, बीज तयार करणारं छोटं केंद्र काढलं होतं. ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांवर त्या भागातली बरीच घरं चालायची, आणि तिसऱ्या वर्षागणिक विरळ होत चालल्या होत्या. टाक्यांत पिल्लं वाढवायची, तांदळाच्या कणीएवढी झाली की खाडीत पेरायची, असा बेत. पाणी तपासायला दर आठवड्याला मी जायचो.

पिल्लांची सगळी निगा सावित्री बघायची. सावित्री आमच्याच जोयडा तालुक्यातल्या गुंदची. घर गावापासून आत, जंगलाला लागून. बाप भातशेती करायचा, उरलेल्या दिवसांत जंगलातल्या कामांवर जायचा. कारवारला राहून ती विज्ञानाची पदवीधर झाली होती, त्यांच्या वाडीतली पहिलीच. केंद्रात तिची नोकरी कंत्राटी होती. पहिल्या भेटीत मी रामनगरचा आहे असं कळल्यावर तिचा चेहरा असा उजळला की मलाच अवघडल्यासारखं झालं. साहेबांशी ती कन्नडमध्ये बोलायची, वेचणाऱ्या बायकांशी कोकणीत, आणि माझ्याशी घरच्या मराठीत.

"अण्णा, ही बगा कशी गिरक्या घ्यालीत," म्हणून ती मला सूक्ष्मदर्शकाशी बसवायची. खसखशीहून कितीतरी बारीक, काचेसारखी पारदर्शक पिल्लं केसाळ झालर हलवत गरागरा फिरत असायची. दोनेक आठवड्यांनी त्यांना तळाशी बसायचे वेध लागतात, तेव्हा शिंपल्यातून एक जिभेसारखा पाय बाहेर येतो. तो पहिल्यांदा दिसला त्या दिवशी सावित्रीनं केंद्रातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवला होता. "पाय फुटला, पाय फुटला," म्हणत ती रखवालदारालाही बोलावून घेऊन आली.

पहिल्या हंगामात बीज उत्तम निघालं. दुसऱ्या हंगामात केंद्र बघायला मोठी माणसं येणार असं ठरलं. पाऊस सरून खाडीचा खारटपणा परतला होता, पण पाण्याला अजून ती चहाची झाक होती. केंद्राचे प्रमुख मला टाकीशी घेऊन गेले.

"हे असलं पाणी दाखवायचं का त्यांना?" ते म्हणाले. "हा रंग घालवायला काय करता येईल? तुम्ही पाण्यातले जाणकार."

मी तांत्रिक सहायक. माझं मत सहसा शास्त्रज्ञांच्या तोंडून बाहेर पडायचं. मला थेट कुणी जाणकार म्हणून विचारलं, याचीच नशा मला चढली. मी म्हटलं, "सोपं आहे. लाकडी कोळशाचा प्रक्रिया केलेला एक प्रकार मिळतो. त्याच्या थरातून पाणी काढा, काचेसारखं होईल."

सावित्री शेजारी उभी होती. "साहेब, ह्याच पाण्यात मागच्या बारीला पोरं वाढलीत," ती त्यांना कन्नडमध्ये म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अण्णा, आमच्या वड्याचं पाणी बी असंच असतंय. त्यात किती जीव जगत्यात. कशापायी काढायचा रंग?"

"सावित्री, डोळ्यांनी रसायनशास्त्र होत नाही," मी म्हणालो.

प्रमुख हसले. ते वाक्य मला शब्दशः आठवतं, कारण तेव्हा ते मला झकास जमलं असं वाटलं होतं.

कोळशाची टाकी बसली. पाणी खरोखर काचेसारखं झालं. पाहुणे आले, खूश होऊन गेले. चौथ्या दिवशी पिल्लांच्या गिरक्या मंदावल्या. सहाव्या दिवशी ती तळाशी पांढऱ्या धुळीसारखी पडली होती.

सावित्रीनं टाक्या घासल्या, गरम पाण्यानं धुतल्या, नवी अंडी घेतली, पिल्लांना खायला द्यायचं शेवाळ बदललं. दुसरी खेप गेली. तिसरीही गेली. मी आठवड्याला जायचो तेव्हा ती माझी वाट बघत दारातच उभी असायची. "अण्णा, पाण्यात कायतरी हाय. नीट बगा की." मी बाटल्या भरायचो, तिच्या रोजच्या नोंदवहीत नमुना घेतल्याची सही करायचो आणि परत यायचो. आम्ल टाकायचो, मोजायचो. तांबं आधीएवढंच, किंवा किंचित कमीच. सगळे धातू मर्यादेत. पुन्हा मोजलं, आकडा तोच. माझ्या आकड्यावर कुणी हात फिरवत नव्हतं, मीही फिरवला नाही.

प्रमुखांनी लेखी अहवाल मागितला. मी लिहिलं: पाण्यातील धातू मर्यादेत आहेत, पाण्यात दोष दिसत नाही.

पाण्यात दोष नाही म्हटल्यावर दोष माणसात असायला हवा होता. आठ-दहा दिवसांनी मी गेलो तेव्हा सावित्री पत्र्याची पेटी आवरून व्हरांड्यात बसली होती. हाताळणीतील निष्काळजीपणामुळे खेपा वाया गेल्या, असं कागदावर लिहून तिला सोडलं होतं. ती मला बघून उठली.

"अण्णा, खरं सांगा. पाण्यात कायच न्हवतं?"

"काहीच नव्हतं, सावित्री. मी तीनतीनदा मोजलं."

"मग मीच मारली म्हणा," ती म्हणाली. रडली नाही. पेटी उचलून चालायला लागली. बसथांब्यापर्यंत पेटी घेऊन जाणं एवढं तरी मी करायला हवं होतं. पण माझ्या हातात नमुन्यांच्या बाटल्या होत्या आणि त्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत असा आमचा नियम होता. मी नियम पाळला.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं आणि ते चालवणाऱ्या एक तरुण शास्त्रज्ञ बाई आल्या. यंत्रात पाऱ्याचा एक बारीक थेंब लोंबतो. त्याला ठराविक विद्युतदाब दिला की पाण्यातलं फक्त सुटं तांबं त्या थेंबात जमा होतं. मग दाब उलट दिशेनं सरकवला की ते बाहेर पडतं आणि पडद्यावर एक टेकाड उमटतं. टेकाड जेवढं उंच, तेवढं सुटं तांबं जास्त. नमुन्यात आम्ल टाकायचं नाही. उलट त्यात मोजून थोडंथोडं तांबं घालत जायचं. पाण्यात पकडायच्या जागा शिल्लक असतील तोवर घातलेलं तांबं गिळलं जातं आणि टेकाड उगवत नाही. जागा भरल्या की ते उगवायला लागतं. एका नमुन्याला अख्खा दिवस जातो.

बाईंनी मला सरावासाठी कुठलंही पाणी आणायला सांगितलं. केंद्र माझ्या वाटेवरच होतं. मी तिथून दोन बाटल्या आणल्या, एक कोळशाच्या आधीच्या तपकिरी पाण्याची आणि दुसरी पिल्लांच्या टाकीवरच्या नळाखाली धरलेली.

तपकिरी पाण्यात मी तांबं घालत गेलो. एकदा, दोनदा, पाचदा. पडद्यावरची रेघ सपाट. मग नळाखालचं पाणी लावलं. त्यात अजून मी काहीच घातलं नव्हतं, आणि पहिल्याच फेरीत टेकाड उभं राहिलं.

मी यंत्र बिघडलं असं समजून सगळं धुऊन परत लावलं. टेकाड परत उभं राहिलं. बाई मागे येऊन थांबल्या. "हे पाणी कुठल्या नळातून येतं?" त्यांनी विचारलं.

प्रत्येक टाकीवरचा नळ पितळी होता. पहिल्यापासून होता. पितळेतून तांबं झिरपतं, खाऱ्या पाण्यात जरा जास्तच. तपकिरी पाणी त्या नळातून यायचं तेव्हा झिरपलेलं तांबं ते पाणी तिथल्या तिथे धरून ठेवायचं. मी सुचवलेल्या कोळशानं पाण्याची ती पकड काढून टाकली, आणि त्यानंतर नळातून उतरलेलं तांबं सुटं होऊन थेट पिल्लांपर्यंत गेलं. एकूण आकडा मात्र आधी आणि नंतर सारखाच. तो चुकला नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. मोठ्या केंद्रांत अशी पकड राहावी म्हणून पाण्यात मुद्दाम एक रसायन घालतात, हे त्या दिवशी बाईंनी सांगितलं तेव्हा मला कळलं.

"तुमचा जुना अहवाल दुरुस्त करावा लागेल," बाई म्हणाल्या.

मी टिपण लिहिलं आणि केंद्रात नेऊन दिलं. प्रमुखांनी ते उभ्याउभ्या वाचलं. "बरं झालं, कारण सापडलं. नळ बदलून घेतो." मी म्हटलं, "त्या सावित्रीचं..." ते म्हणाले, "ते प्रकरण मिटलंय. आता परत कशाला उकरायचं?" नळ प्लास्टिकचा बसला, कोळसा काढला, पिल्लं जगली. नव्या माणसाचं कौतुक झालं. मला पुढच्या वर्षी बढती मिळाली, काटेकोर कामाबद्दल.

सावित्रीला मी काही कळवलं नाही. सुरुवातीला वाटलं, पत्रात हे नीट समजावता येणार नाही, समक्ष जाऊ. मग वाटलं, आता तिचं लग्नबिग्न झालं असेल, जुनी जखम कशाला. एकदा रामनगरच्या बाजारात तिचा भाऊ भेटला. "ताई बरी आहे ना?" मी विचारलं. "हाय की," तो म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि निरोप दिला. सांगायचं ते पुन्हा राहिलं. अशी वर्षं जातात. कुणी अडवत नाही, कुणी विचारत नाही.

निवृत्त होऊन रामनगरला परतल्यावर मात्र गुंद एवढं जवळ आलं की न जाण्याला कारणच उरेना. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी बसनं गेलो. विचारत विचारत घर सापडलं. त्याच गावात दिली होती तिला. खळ्यावर भाताच्या पेंढ्या रचलेल्या, आणि सावित्री अंगणात बसून कंद सोलत होती. केस पांढरे झाले होते. मला तिनं लगेच ओळखलं.

"अण्णा. या की, बसा. किती वाळलासा ओ तुमी."

पाणी दिलं, गूळ दिला. मी आधी इकडचं तिकडचं बोललो. मग सगळं सांगितलं. नळ, कोळसा, पकड, टेकाड. बोलताना माझ्या लक्षात आलं की मी वर्गात शिकवल्यासारखा बोलतोय, आणि थांबलो. तिचे हात चालूच होते.

"कोपऱ्यातल्या टाकीचा नळ बिघडलेला," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तिला मी कोळशाच्या टाकीतनं बादलीनं पाणी भरत होते. प्लास्टिकच्या बादलीनं. त्या टाकीतली पोरं जगली, अण्णा. समदी न्हाईत, पर जगली."

तेच स्वच्छ पाणी, फक्त नळातून न आलेलं. एवढ्यावरून कुणालाही कळलं असतं.

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. साहेब म्हणाले, बगा, एका टाकीकडं लक्ष दिलंस तर जगली, बाकीच्यांकडं दिलं न्हाईस. त्येच लिवलं कागदावर." तिनं सोललेला कंद पाण्यात टाकला. "नोंदवहीत रोजचं लिवलेलं होतं मी. कुठली टाकी, कसं पाणी, किती जगली. पानाखाली तुमची सही असायची."

मी दर आठवड्याला त्या वहीत सही केली होती. एकदाही वरचं वाचलं नव्हतं.

"तुमाला कळलं कवा?" तिनं विचारलं.

"पुढच्याच वर्षी."

आता तिचे हात थांबले. "मग आलासा का न्हाई?"

मी म्हटलं, "लाज वाटली." ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, आणि आम्हा दोघांनाही ते कळत होतं.

"मी परत आले तवा धाकटी बारावीला होती," सावित्री म्हणाली. "माझ्यापेक्षा हुशार. आबांनी तिला पुढं पाठवलं न्हाई. म्हणाले, थोरली शिकून काय झालं, पोरं मारून नोकरी घालवून आली. मी सांगत होते, पाण्यात हाय कायतरी. तर आबा म्हणायचे, मोजणारा आपल्याकडचाच हाय, तो कशाला खोटं लिवंल?"

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. आतून तिच्या नवऱ्यानं कोण आलंय म्हणून विचारलं, तिनं "कारवारचे अण्णा" एवढंच सांगितलं. मी हात जोडले. म्हटलं, "सावित्री, माझी चूक झाली. पहिली न कळून झाली. दुसरी कळून केली."

तिनं माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. पुढचा कंद सोलायला घेत म्हणाली, "आबा गेले. आता त्यांना कोण सांगणार? पर धाकटी हाय, बाजारकुणंगला दिलीया. तिच्या पोरांस्नी वाचाय येतंय. लिवून द्या."

"देतो. आत्ता कागद दे."

"तसलं न्हवं. कागद पेटीत पडतोय. चार लोक वाचतील असं लिवा. छापून."

"तुझं नाव बदलून लिहीन, काळजी करू नकोस."

"बदलायचं कशापायी?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तवाच्या कागदावर माझंच नाव होतं न्हवं? आता बी तेच घाला."

जेवून जा म्हणाली. मी जेवलो. निघताना तिनं पिशवीत कंद घालून दिले, ते मी नको म्हणू शकलो नाही. बसमध्ये पिशवी मांडीवर ठेवून बसलो आणि मनातल्या मनात मजकूर जुळवत आलो. घरी येऊन कितीदा तरी लिहिला, खोडला. आधी त्यात खूप समजावणं होतं, माझ्या बाजूनं थोडी कारणंही होती. ती आता काढून टाकली आहेत. उरलं ते असं.

केंद्रातल्या पाण्यात दोष होता. तांबं नळाचं होतं, कोळशाचा सल्ला माझा होता. गुंदच्या सावित्री मिराशी यांच्या निष्काळजीपणानं एकही पिल्लू मेलं नाही. जी जगली, ती त्यांच्यामुळे जगली. माझा अहवाल चुकीचा होता.

एवढंच. प्रमुखांना दिलेल्या त्या टिपणात तेव्हाच हे सहज मावलं असतं.